धारवालीचा पट्टा

आई गेली त्याच महिन्यात वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी आली. समुद्राला कुणाच्या दुःखाचं काय पडलंय! लेकीने आईचे रबरी बूट चढवले, ते मोठे होत होते म्हणून आत जाड मोजे कोंबले आणि अंधुक उजेडात किनारा गाठला.

खाण्याचं तपकिरी शेवाळ वाटेल तिथे उगवत नाही. वाळूत त्याला पाय रोवता येत नाहीत, त्याला पक्का खडक लागतो. पाणी थंड हवं, तेही सारखं हलतं. जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते, नेमकं तिथेच ते खुशाल डोलत असतं. एरवी पाण्याखाली राहणारा तो खडक मोठ्या ओहोटीत उघडा पडतो, तेवढ्या वेळात काय कापायचं ते कापायचं. इथे प्रत्येक घराकडे खडकांचा एकेक पट्टा होता. कापणारं माणूस गेलं तर पहिल्या ओहोटीला त्या घरातल्या कुणीतरी कोयती घेऊन हजर राहायचं. काम कापणीवर देखरेख करणाऱ्या मुकादमबाईंच्या मनास आलं तर पट्टा घरात राही, नाहीतर शेजारच्या दोघांत वाटला जाई.

आईला सगळा किनारा धारवाली म्हणायचा. कोयतीला धार होतीच, जिभेला त्याहून जास्त. तिचा भारा व्यापारी गाठ सोडूनही बघत नसत, तसाच उचलत. लेक मात्र कधी खडकावर चढलीच नव्हती. आई कापायची आणि ही ते दोऱ्यांवर टांगून वाळवायची, अशी दोघींची वाटणी ठरलेली.

“तू आपली दोरीपाशीच बरी,” मामा म्हणाला. आईचा हा धाकटा भाऊ गुडघ्याने अधू होता, वाळूवर थांबून भारे ओढायचा. “घसरलीस तर मला दोघींसाठी रडावं लागेल.”

“मग आत्ताच रडून घे. नंतर भारे ओढायचेत.”

मामाने चमकून पाहिलं. “तोंड तर तिचंच घेतलंयस. हात कुणाचा ते आता कळेल.”

पाणी इतकं गार होतं की बोटं आपली वाटेनात. शेवाळाची ओली पाती खडकावर एकमेकींवर लोळत पडली होती, माणसापेक्षा लांब, कडेला चुणीदार. लेकीने पहिला झुबका मुठीत धरला, कोयती ओढली आणि हातात पात्यासकट देठ आला, देठासकट खडकाला धरून बसलेलं बूडही. बुडाशी राखलेल्या देठावर पुन्हा पातं फुटतं, त्यावरच्या झालरीतून बी पाण्यात पडतं, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. हे झाड आता कायमचं गेलं होतं.

शेजारच्या पट्ट्यावरच्या काकू कंबरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या.

“हे बघ बाई, तू हरलीस तर अर्धा पट्टा माझ्याकडे येतो. तेव्हा मी काही शिकवायला येणार नाही,” त्या ओरडल्या. “पण पहिलं झाड सगळ्यांच्याच हातून उपटतं. तुझ्या आईने तर उपटलं ते उपटलं, वर माझ्या अंगावर फेकलं!”

लेकीला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने दुसरा झुबका धरला, या वेळी झालरीच्या चांगला वर, आणि कोयती आपल्याकडे न ओढता आडवी फिरवली. पातं सुटलं, देठ जागच्या जागी डोलत राहिला. मग हाताला लय सापडली.

पाणी परत फिरू लागलं तेव्हा तिचा भारा इतरांच्या निम्मासुद्धा नव्हता.

“अगं, तो टोकाचा खडक!” मामा वाळूवरून हात नाचवत होता. “नुसता भरलाय! तो काप, भारा फुगेल!”

ती टोकापर्यंत गेली. मामा खोटं बोलत नव्हता. एवढी रुंद, दाट पाती तिने सकाळपासून पाहिली नव्हती. कोयती उचलली, मग खाली घेतली. आणि ती मागे वळली.

काम तपासायला आलेल्या मुकादमबाई आधी खडकाकडे गेल्या. राखलेल्या देठांवरून त्यांनी बोटं फिरवली. उपटलेलं झाड उचललं.

“हे?”

“माझंच. पहिलं.”

“हं. आणि भारा एवढासाच?”

“टोकाचा खडक ठेवला.”

“हात पोचला नाही?”

“पोचला. पण गेल्या वर्षी तिथलीच पाती मी टांगली होती. इतकी रुंद की दोरीवर दुमडावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी तसलं एकही पातं घरी आलं नव्हतं, आणि त्याच्या आधीच्या वर्षी आलं होतं. आई त्या खडकाला एक वर्ष सोडून हात लावायची. यंदा त्याचा विसावा.”

“तिने सांगितलं होतं तुला?”

“नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

मुकादमबाईंनी टोकाच्या खडकाकडे पाहिलं. पहिली लाट त्याच्यावर चढत होती.

“गेला माझा अर्धा पट्टा,” काकू म्हणाल्या आणि आपला भारा बांधू लागल्या.

“पट्टा तुझा,” मुकादमबाई म्हणाल्या. “उद्यापासून या पट्ट्याला हाक तुझ्या नावाने. गेलेल्या माणसाच्या नावावर आपण पट्टा ठेवत नाही, माहीत आहे ना?”

माहीत होतं. तरी ते ऐकताना लेकीला कोयतीची मूठ घट्ट धरावी लागली.

“हाक माझ्या नावाने मारा,” ती म्हणाली. “पण कामात खोट दिसली तर धारवालीची लेक म्हणून शिव्या घाला. मी लगेच सुधारेन.”

मुकादमबाईंनी भाऱ्याची गाठ स्वतः आवळली आणि तो तिच्या पाठीवर चढवला. खारं पाणी मानेवरून आत ओघळलं. ती वाळूकडे चालू लागली.

मामा भाऱ्याकडे बघून हिरमुसला. “एवढ्यासाठी मी गुडघा दुखवून घेतला?”

“पुढच्या वर्षी टोकाचा खडक कापणार आहे,” लेक म्हणाली. “आणखी दोन माणसं घेऊन ये.”