सव्वा वीत शिकागो

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. हसू नका! डोक्यावर पोचा आहे, फिरताना कुरकुरतो, पण अख्खी दुनिया अंगावर वागवतो म्हटल्यावर थोडा तोरा मला शोभतो.

संगप्पांनी मला सोलापुरात सात रस्त्यावरच्या दुकानातून आणलं, त्यांच्या लेकीसाठी, सिद्धेश्वरीसाठी. माझ्यावर सोलापूर छापलेलंच नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी पेनानं टिंब काढलं नि चूक सुधारली. मला फिरवता फिरवता पोर मोठी झाली, लग्न होऊन शिकागोला गेली आणि मी गेलो कपाटावर. तिथं माझ्या उत्तर ध्रुवावर संगप्पांची टोपी वाळायची. फार वाईट वाटायचं.

मग बातमी आली. सिद्धेश्वरीला दिवस गेलेत! पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली.

"लेक येईना, तर म्हायेर उठून जाईल की!" तिची आई रत्नम्मा म्हणाल्या आणि बाळाची कुंची शिवायला बसल्या. तिकिटावर दिल्लीहून पहाटे तीनला सुटायचं, सकाळी सातला शिकागो, असं होतं. "चारच तास! पुण्याला जायला बी एवढं लागतंय."

संगप्पांना राहवलं नाही. "अगं, तितली घड्याळं मागं असत्यात. पंधरा-सोळा तास बसायचं हाय. बारा हजार किलोमीटर!"

रत्नम्मांची सुई थांबली. भिंतीवरच्या नकाशात आपण एका टोकाला, शिकागो दुसऱ्या टोकाला, मधे निळंच निळं. "एवढ्या पान्यावरनं? अवो, मी न्हाय जायची. माजा जीवच ऱ्हानार न्हाय." आणि त्या रडू लागल्या. तिकडे लेक वाट बघत होती. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा संगप्पांनी मला खाली काढलं, टॉवेलनं पुसलं. किती वर्षांनी हात लागला! कुंचीला लावायची लाल नाडी त्यांनी उचलली. एक टोक रत्नम्मांनी लेकीच्या टिंबावर दाबलं, दुसरं संगप्पांनी शिकागोवर धरलं आणि ताणलं. काय सांगू मित्रांनो! नाडी निळ्या समुद्रावर टिकेचना. सरसर वर सरकली, रशियावरून माझ्या पोच्याजवळ गेली आणि कॅनडावरून खाली उतरली.

"अय्यो! पानी कुटं गेलं?"

"पृथ्वी गोल हाय न्हवं? जवळची वाट वरनं. हितं पानी हाय, पन बर्फ झालेलं."

"मंग स्वेटर लागंल की!" रत्नम्मा डोळे पुसत हसल्या. मग तेवढी नाडी त्यांनी हातानं मोजली आणि ओरडल्याच, "सव्वा वीत! माजी सिद्धी नुसती सव्वा वीत लांब हाय!" मला इतका आनंद झाला की धक्का लागताच मी गरागरा फिरलो. त्या आठवड्यात रत्नम्मा विमानात बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझा एखादा भाऊ धूळ खात असेल. त्याला खाली काढा, पुसा. घरात कुणी लांबच्या माणसासाठी झुरत असेल, तर त्याच्या हातात दोरा द्या.

परवा संगप्पांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर नात होती, डोक्यावर लाल नाडीची कुंची. सोलापूर ते शिकागो ते सगळं अंतर तिच्या हनुवटीखाली गाठ मारून गुपचूप बसलं होतं.