वाइंडिंगची चौकट

“बाई, पाचच्या आत फॉर्म आला नाही तर वर्गाला कुलूप. दहा सह्या लागतात म्हणे,” शिपाई म्हणाला. बाईंकडे नऊ होत्या, आणि साडेतीन वाजून गेले होते.

एकवीस वर्षं बाई तंत्रशाळेत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळणं, शिकवत होत्या. जळकी मोटार नाकाशी धरली की कुठलं वेटोळं गेलं ते सांगत. चालवणाऱ्याचं सकाळी बायकोशी वाजलं होतं का, तेही सांगत. खोटं वाटत असेल तर त्या बायकांना विचारा. पण आता वरून फर्मान निघालं होतं: आसपासच्या कारखान्यांना लागेल तेच शिकवा, आणि तसं त्यांच्याकडून लिहून आणा.

दहाव्या कारखान्याचा मॅनेजर बाईंचाच जुना विद्यार्थी.

“बाई, खरं सांगू? मोटार जळली की आम्ही भंगारात टाकतो.”

“मग तुला माणूस कसला हवाय?”

“जळायच्या आधी सांगणारा. तो कुठं मिळतो?”

बाईंनी नाक वर करून हवा हुंगली. “कोपऱ्यातली ती तिसरी मोटार बंद कर.”

“अहो, ती परवाच बसवलीय.”

“बंद कर म्हणते ना, गाढवा.”

उघडली तर आतल्या तारांवरचं वार्निश पाघळायला लागलेलं. मॅनेजरने कोपरापासून हात जोडले.

“हात नंतर जोड. सही कर.”

त्याने सही केली. फॉर्मवर चौकटी तीनच होत्या: ऑपरेटर, डेटा एंट्री, पॅकिंग. वाइंडिंगला चौकटच नव्हती. पॅकिंगला माणसं लागतच होती, त्याने तिथे खूण केली. आधीच्या नऊ जणांनीही तेच केलं होतं. बाईंनी सह्या मोजल्या होत्या, खुणा नव्हे; आणि आत्ता त्यांचा डोळा घड्याळावर होता.

पंधरवड्याने पत्र आलं. दहाही कारखान्यांची गरज कळवल्याबद्दल आभार. वर्ग चालू राहील. विषय पॅकिंग. शिक्षिका त्याच.

“नोकरी वाचली, मग तोंड का पाडलंय?” प्राचार्य म्हणाले.

“सर, मला पॅकिंग येत नाही.”

“खोक्यात घालायचं, वर चिकटपट्टी. त्यात काय यायचंय?”

“तेच विचारतेय. मुलामुलींना वर्षभर शिकवू काय?”

प्राचार्यांनी फाइल मिटली.

पहिल्या दिवशी सरावाला वर्गातल्याच मोटारी दिल्या. भंगारात जायच्या होत्या. मुलामुलींनी भराभरा खोकी भरली. शेवटची मोटार बाईंनी नाकाशी धरली. बराच वेळ.

“काय झालं, बाई?”

“काही नाही.”

त्यांनी ती खोक्यात ठेवली, पट्टी सरळ लावली, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: हिला काही झालेलं नाही.