डायनामोखालची भाकरी

मुरुमच्या गुरुलिंगनं भर समुद्रात, सकाळी नऊ वाजता, डायनामोवर नारळ फोडला आणि सत्तेचाळीस माणसांचं जहाज लुळं करून ठेवलं.

हेतू वाईट नव्हता हो. त्या दिवशी खंडेनवमी होती. मुरुमच्या कापसाच्या जिनिंगात त्यानं दहा वर्षं इंजिन सांभाळलेलं. तिथं खंडेनवमीला हळद-कुंकू, विभूती आणि नारळ मिळाल्याबिगर इंजिनाचा पट्टा चढत नसे, आणि नारळाचं पाणी यंत्रावर शिंपडलं की पूजा पुरी. जिनिंगातलं ते इंजिन म्हणजे लोखंडी रेडा. घागरभर पाणी ओतलं तरी फुरफुरून चालायचं. जहाजावरचा डायनामो मात्र वीज काढणारा. त्याच्या बगलेला एक पेटी, पेटीत दोन जाड तारा दोन पितळी खुंट्यांना आवळलेल्या, आणि खुंट्यांखाली तळहाताएवढी पाटी. एका तारेची वीज दुसरीत शिरू नये म्हणून ती पाटी. पेटीचं झाकण गुरुलिंगनंच पुसायला काढलं होतं. पाणी नेमकं तिथं गेलं. निळा लोळ उठला, बंदूक उडावी तसा आवाज झाला, आणि दिवे, पंखे सगळं गप्प.

त्यानं नारळाची भकलं गोळा केली आणि सदऱ्यात कोंबली. का कोंबली, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

साल त्रेचाळीस. लढाई जोरात होती, जहाजांवर माणसं मिळत नव्हती, म्हणून निझामाच्या मुलखातला हा जिनिंगवाला मुंबईत जाऊन विजेच्या मिस्त्रीचा हाताखालचा गडी झाला होता. घरातून निघताना बायकोनं, चन्नम्मानं, बरणीभर करडईचं तेल आणि पत्र्याच्या डब्यात साठ कडक भाकऱ्या दिल्या होत्या. पापडासारख्या पातळ, उन्हात वाळवलेल्या. वर्ष झालं तरी बुरशी धरणार नाही अशा. नळदुर्गाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं त्यातली एक टेबलावर आपटली होती. टेबलाचा टवका उडाला, भाकरीला काही नाही.

"ही फरशी कुठं नेतोस रे?" शिपाई म्हणाला होता.

चन्नम्माची एकच अट होती. "एकोणसाठ खावा. साठावी परत आणा. मंजी मला कळंल, शेवटपतूर उपाशी न्हाय राहिला तुमी." डब्यात आता ती साठावीच होती, डांबरानं झाकण बंद करून ठेवलेली.

मोठा मिस्त्री रत्नागिरीकडचा, म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. कंदील घेऊन तो धावत आला, तोवर वरून कप्तानाचा निरोपही आला. सुकाणू फिरवणारी मोटार विजेवरची. वीज गेली तेव्हा सुकाणू डावीकडं वळलेलं होतं, ते तसंच अडकलं. पुढं चालवावं तर जहाज घाण्याच्या बैलासारखं गोल फिरणार. इंजिन बंद ठेवावं तर पाण्याची ओढ त्याला घेऊन चालली होती एका बेटाकडं. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची करवत. नांगर टाकावा तर तळ लागत नव्हता. हातानं सुकाणू फिरवायचं चाक मागच्या बाजूला होतं, ते कधीचं गंजून बसलेलं. दुसरा डायनामो मुंबईला दुरुस्तीला उतरवलेला.

"तीन तास," मिस्त्री म्हणाला. "मग खडक. आतली तारांची गुंडाळी जळली असणार. पुरा डायनामो खोलायला लागेल."

"किती येळ लागंल?" गुरुलिंगनं विचारलं.

"उद्या संध्याकाळ."

गुंडाळी जळली नव्हती. लोळ कुठून उठला, ते गुरुलिंगनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगितलं तर लढाईच्या दिवसांत, परक्या मुलखाच्या माणसानं जहाज मोडलं म्हणून बेड्या. न सांगावं तर बेड्या घालायलाही कुणी उरणार नव्हतं. मिस्त्रीनं पहिला बोल्ट सैल केला. दुसरा केला. तिसऱ्याला पाना लावला, तेव्हा गुरुलिंगनं सदऱ्यातून नारळाचं भकल काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"मिस्त्रीसाहेब, गुंडाळीला हात लावू नगा. पाणी पेटीत गेलंय. म्या घातलंय."

मिस्त्रीनं भकल पाहिलं, डायनामोवरचं कुंकू पाहिलं. "मेल्या," तो हळूच म्हणाला, "पूजा केलीस याची?"

"व्हय."

"शिव्या मागाहून घालतो. कंदील धर."

पेटीतली पाटी जळून कोळसा झाली होती. बाकी डायनामो धड. जपून ठेवलेली जादा पाटी? नव्हती. मिस्त्रीनं लाकडाची फळी कापून बसवली. वाफ सोडून डायनामो फिरवला, तशी फळी चरचरली आणि धुमसली. आठ महिने समुद्रावर राहून जहाजावरचं लाकूड आतून ओलं झालं होतं. कागद ओला, कापड ओलं, विडीचं पानसुद्धा वाकवलं तर मोडत नव्हतं. लाकूड भट्टीजवळ वाळवायला अर्धा दिवस हवा होता. हाती उरला होता दीड तास.

भट्टीत कोळसा मारणारा बिरदेव, माकणीचा धनगर, घामानं निथळत दारात आला. "गुरलिंगा, वर खडक दिसाया लागलेत. पांढरा फेस उठतोय. काय करायचं ते कर, न्हायतर म्हन, आपन कपडे काढून बसू."

"जहाजावर कोरडी चीज एक बी न्हाय, बिरदेवा."

"तुझं डोस्कं हाय की. लई कोरडं."

गुरुलिंग उत्तर द्यायला वळला आणि तिथंच थांबला. मग जिना चढून पळत सुटला. परत आला तो पत्र्याचा डबा आणि तेलाची बरणी घेऊन.

"भूक लागली तुला?" मिस्त्री ओरडला.

गुरुलिंगनं डांबर खरवडून झाकण उघडलं आणि भाकरीवर नख वाजवलं. टण्ण. साऱ्या समुद्रात तेवढी एक कोरडी वस्तू होती.

"बिरदेवा, ह्ये तेल फावड्यावर घे आन् भट्टीत धर. मोटंच्या कातड्याला लावतो तसं आटव. तार यायला पायजे."

मोटेच्या कातड्याला आटवलेलं करडईचं तेल लावलं की पाणी आत शिरत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. रत्नागिरीच्या मिस्त्रीला कुठून असणार? गुरुलिंगनं करवतीचं पातं भाकरीवर ठेवलं. पहिल्याच फेरीला एक कोपरा तुटून पडला. मग त्यानं पातं भट्टीत लाल केलं आणि भाकरी कापण्याऐवजी जाळत नेली. चार तुकडे झाले. लाल खिळ्यानं भोकं पाडली. तेवढ्यात फावड्यावरचं तेल पेटलं, बिरदेवाच्या भुवया गेल्या, अर्धं तेल भट्टीत सांडलं. उरलं ते गुळाच्या पाकासारखं दाट झालं. तुकडे त्यात बुडवून एकावर एक ठेवले आणि गरम लोखंडाखाली दाबले. थरांची पाटी झाली, काळपट, चकचकीत.

"भाकरीवर दोनशे वीस व्होल्ट," मिस्त्री म्हणाला. "खुदा माफ कर."

मागं वळून न बघता गुरुलिंगनं खुंट्या आवळल्या. बोलायच्या नळीतून वरचा आवाज आला, "दहा मिनिटं उरली!" मिस्त्रीनं वाफ सोडली.

दिवे लागले. आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे. मागच्या बाजूला सुकाणूची मोटार घुमली. जहाजाच्या पोटाखालून खर्र असा आवाज आला, जणू कुणी पत्र्यावरून नांगर ओढला. बिरदेव खाली बसला आणि बिरोबाचं नाव घेऊ लागला. गुरुलिंगनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. त्याची नजर पेटीवर होती. भाकरीच्या कडेनं धूर निघत होता आणि इंजिनखोलीभर मुरुमच्या चुलीचा वास सुटला होता.

"थांब," तो भाकरीला म्हणाला. "जराशी थांब गं."

चौदा मिनिटं ती थांबली. पंधराव्याला ज्योत निघाली आणि पुन्हा अंधार झाला. पण तोवर सुकाणू सरळ झालं होतं, इंजिनानं जहाज बाहेर ओढलं होतं, आणि खडक मागं पडले होते. मग अर्धा दिवस लाकूड वाळवायला भरपूर वेळ होता.

संध्याकाळी कप्तानानं मिस्त्रीला विचारलं, बिघाड कशानं झाला.

"पाणी गेलं, साहेब."

"कुठलं पाणी?"

"समुद्रावर पाणी कुठलं असणार?"

गुरुलिंगला मात्र त्यानं बाजूला घेतलं. "तुझी भाकरी होती म्हणून गप्प बसलो. पण मुंबईला उतर आणि परत जहाजावर दिसू नकोस. पुढच्या नवमीला मी नसेन."

गुरुलिंग उतरला. मुरुमला पोचला तेव्हा चन्नम्मा अंगणात भाकऱ्या वाळत घालत होती. त्यानं डबा तिच्यापुढं ठेवला. आत तळहाताएवढा काळा ठिकरा होता, मधे दोन भोकं. तिनं तो उलटसुलट केला, हुंगला.

"साठावी?"

"व्हय."

"माझ्या हातची भाकरी कवाच करपत न्हाय," ती म्हणाली. "कुनाच्या चुलीवर टाकली होती?"

गुरुलिंग ओट्यावर टेकला. त्यानं गळ्यातलं इष्टलिंग पुन्हा मुठीत धरलं, खडकांच्या वेळी धरलं होतं तसंच. चन्नम्मानं ते पाहिलं, ठिकरा परत डब्यात ठेवला, आणि पुढं काही न विचारता एकसष्टावी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.