बाईंच्या खोलीतली दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण नुसती खुर्ची म्हटलेलं मला आवडत नाही; मी पाहुण्यांची खुर्ची आहे. सुताराने एकाच लाकडातून आम्हा दोघी बहिणींना घडवलं. थोरलीला हात दिले, मला दिले नाहीत. "ही बाईंना बसायला आणि ही दुसऱ्याला बसवायला," असं म्हणून त्याने माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

आमच्या बाई तत्त्वज्ञान शिकवतात. माणसाच्या मनात चांगुलपणा येतो कुठून, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्याचं उत्तर त्या जुन्या चिनी विचारवंतांकडे शोधतात. त्यांचं म्हणणं ऐकून ऐकून मला पाठ झालंय. कोणी आलं की उठावं, बसायला द्यावं, पाणी विचारावं; अशा लहानसहान रीतींनीच मनाला वळण लागतं.

एकदा एक विद्यार्थिनी माझ्यावर बसून बाईंशी हुज्जत घालत होती. "मनात नसताना उठून उभं राहायचं, म्हणजे ढोंगच की, बाई."

"सुरुवातीला असेल," बाई म्हणाल्या. "पण रोज उठत गेलीस ना, की हळूहळू मनही उठायला लागतं."

पोरीला ते पटलं नाही, म्हणून ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मी मात्र खूश होते.

मग बाईंनी याच विषयावर पुस्तक लिहायला घेतलं आणि माझे दिवस फिरले. टेबल भरलं, कपाट भरलं. एक जाडजूड ग्रंथ त्यांनी "जरा वेळ" म्हणून माझ्यावर ठेवला. त्याच्यावर दुसरा आला. बघता बघता ढीग माझ्या पाठीच्याही वर गेला. विद्यार्थी दारातूनच विचारून जायला लागले, पुढे तेही फोनवर भागवू लागले. पाहुण्याला जागा द्यावी असं सांगणारी सगळी पुस्तकं पाहुण्याच्याच जागेवर ठाण मांडून बसली होती. हसू नका. मला फार एकटं वाटायचं. ओझं होतं, पण ऊब नव्हती.

एका दुपारी बाईंची थोरली बहीण आली. दुखरे गुडघे घेऊन जिना चढल्यामुळे तिला धाप लागली होती.

"ताई, आलीस? एवढं वाक्य संपवते हं," बाई मान वर न करता म्हणाल्या.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. वरचं पुस्तक उचललं, ते कुठे ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा माझ्यावरच ठेवलं.

"कशावर लिहितेयस?"

"पाहुणा आला की माणसाने कसं वागावं, त्यावर."

"छान आहे. लिही हं."

भिंतीला टेकून त्या थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. वाक्य संपल्यावर बाई म्हणाल्या, "बस ना, ताई." तेव्हा समोर फक्त मी होते.

काही दिवसांनी ताईंचा फोन आला. घर आवरून त्या दूर, लेकाकडे, कायमच्या राहायला गेल्या होत्या.

"अगं, आली होतीस तेव्हा बोलली का नाहीस?" बाईंनी विचारलं.

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे ताईंचं उत्तर मलाही ऐकू आलं. "बसून सांगायचं होतं गं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं ते."

बाईंनी सगळी पुस्तकं खाली उतरवली. मला ओल्या फडक्याने पुसलं. आता जिन्यात पाऊल वाजलं की त्या उठून उभ्या राहतात. बहुतेकदा कोणीतरी शेजारच्या खोलीकडे जाणारं असतं. मग बाई पुन्हा माझ्या हातवाल्या बहिणीवर बसतात आणि मी वाट बघते.

परवा बाईंचं पुस्तक छापून आलं. सवयीने त्या ते माझ्यावर ठेवायला गेल्या, थबकल्या आणि त्यांनी ते फरशीवर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर कपडे, दप्तर, वर्तमानपत्रं टाकू नका. जरा वेळही नको. सांगायला आलेलं माणूस फार वेळ उभं राहत नाही.