शेजारच्या सीटचा पट्टा

रादिवोयेनं आधी बॉनेटवर तळहात टेकवला. लोखंड गार होतं.

"हे बरं आहे," तो म्हणाला. "गरम लागलं असतं तर आल्या पावली परत गेलो असतो. विकणारे लबाड असतात. सकाळीच इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे गार असताना ते कसं खोकतं ते आपल्याला कळतच नाही."

ल्युबिंका पर्स पोटाशी धरून भावाच्या मागे उभी होती आणि तो सांगेल ते निमूट ऐकत होती. नदीवरून आलेलं धुकं अजून जुन्या गाड्यांच्या बाजारावरून हटलं नव्हतं. रविवार असल्यानं मैदान गाड्यांनी भरून गेलं होतं आणि कुठंतरी कोळशावर मांस भाजल्याचा वास सुटला होता.

रादिवोयेनं खिशातून चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांवरून, चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवलं. जिथं ते चिकटत नाही तिथं रंगाखाली पुट्टी भरलेली असते, म्हणजे गाडी आधी आपटलेली असते. इथं ते सगळीकडे चिकटलं. मग त्यानं तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. पांढरा फेस नव्हता, म्हणजे तेलात पाणी उतरलेलं नव्हतं. शेवटी तो दार उघडून वाकला आणि पायाखालची पॅडलं बघून हसला.

"जर्मनीतल्या एका शाळेतल्या बाईंची गाडी आहे," विकणारा मिओद्राग खिमा भरलेली तेलकट बुरेक पेस्ट्री चावत म्हणाला. "रविवारी चर्चला जायच्या, बास. आकडा बघा ना, किती कमी चाललीय!"

"चर्च जर्मनीतच होतं की चीनमध्ये? पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालंय. आकडा कुणी मागं फिरवला, तू की तुझ्या भावानं?"

"काका, आता तुम्ही माझी लाजच काढलीत," मिओद्राग म्हणाला, पण लाजला वगैरे काही नाही. उलट त्यानं किंमत आपणहून खाली आणली.

रादिवोयेला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं. एके काळी त्याच्या मोहल्ल्यात त्याला विचारल्याशिवाय कुणी गाडी घ्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी अपघात झाला, तेव्हापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कुठं जायचं तर सायकल, नाहीतर बस, आणि बसमध्येही अगदी मागच्या बाकावर. बहिणीनंही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या पोराच्या श्राद्धाला समोरासमोर आले तरी त्याच्या हातात गव्हाच्या प्रसादाची वाटी द्यायची आणि पुढं जायची. परवा अचानक तिचा फोन आला. गावची बस बंद झालीय, तालुक्याच्या दवाखान्यात धुण्याच्या कामाला जायचं तर गाडी हवी, लायसन काढलंय, तू बघायला ये. एवढंच. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात बसून लहान पोरासारखा रडला होता.

"आतून बघ," तो तिला म्हणाला. "बसून बघ. पाय पोचतात का?"

ती बसली. त्यानं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि त्याची नजर शेजारच्या सीटच्या खाचेवर गेली. तिथं पट्ट्याची नुसतीच लोखंडी जीभ खुपसून ठेवली होती. कुठल्यातरी मोडक्या गाडीतून कापून आणलेली. अशी जीभ घातली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि मग ती टिंग टिंग करून डोकं खात नाही.

"हे काय?" ल्युबिंकानं विचारलं.

"ते फुकट!" मिओद्राग म्हणाला. "कटकट नको म्हणून."

रादिवोयेनं मान फिरवली. अशी जीभ त्या भागातल्या निम्म्या गाड्यांत असायची, त्याच्याही गाडीत होती. इथं गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून पट्टा बांधायचा म्हणजे कुणाच्या घरी जेवायला बसून ताटातलं अन्न हुंगून बघायचं. मुद्दाम अपमान करायचा असेल तरच कुणी तसं करी.

वुकाननं मात्र त्या दिवशी पट्टा ओढला होता. एकोणीस वर्षांचा भाचा, नुकती मिशी फुटलेली. ओढून पट्टा त्यानं छातीवर आणला, तर रादिवोये हसत म्हणाला होता, "काय रे भाच्या, मामावर भरवसा नाही?" पोरगं कानापर्यंत लाल झालं. "तसं नाही, मामा," म्हणालं, हसलं आणि पट्टा सोडून दिला. पुढं वीटभट्टीच्या वळणावर बिनदिव्याचा ट्रॅक्टर आडवा आला. रादिवोयेला स्टिअरिंगनं अडवलं, बरगड्यांवर भागलं. वुकानला अडवायला काहीच नव्हतं.

दवाखान्यात ल्युबिंकानं त्याला एकच प्रश्न विचारला होता. पट्टा का नव्हता? आणि तो म्हणाला होता, "विसरला असेल."

"मला शब्द दिला होता त्यानं," ती म्हणाली होती. "कुणीही चालवत असू दे, बांधीन म्हणाला होता. खोटारडा मेला."

तेव्हापासून ती पोरावर रागावलेली होती. इतर बाया कबरीवर जाऊन मेलेल्याशी तासन्‌तास बोलतात, रडतात, घरातल्या गोष्टी सांगतात. ही मेणबत्ती लावायची आणि तोंड मिटून परत यायची. पाषाणाच्या काळजाची आहे, असं लोक म्हणायचे. रादिवोयेही ते ऐकायचा आणि गप्प बसायचा.

"फिरवून आणा की," मिओद्राग म्हणाला. "ओळखपत्र तेवढं माझ्याकडे ठेवा."

ल्युबिंकानं सीट पुढं घेतली, आरसे सारखे केले, स्वतःचा पट्टा लावला. अगदी शिकवल्यासारखं, एकापाठोपाठ एक. मग तिनं गाडी मैदानाबाहेर काढली आणि रिकाम्या रस्त्याच्या तोंडाशी उभी केली.

रादिवोये दोन वर्षांत पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसला होता. हात आपोआप खांद्यामागे गेला, त्यानं पट्टा ओढला आणि छातीवरून खाली आणला.

"का रे दादा," ती समोर बघत म्हणाली, "माझ्यावर भरवसा नाही?"

"छे गं, तसं नाही," तो म्हणाला, आणि हसला. पट्टा त्याच्या हातातून सुटला आणि सर्रकन मागं गेला.

ल्युबिंकानं गाडी चालू केली नाही. मागं गेलेल्या पट्ट्याकडे ती बघत राहिली. मग त्याच्या चेहऱ्याकडे. रादिवोयेच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं, ते कसं काढायचं हेच त्याला कळेना.

"तू हेच म्हणाला होतास त्याला," ती म्हणाली.

"ल्युबिंका..."

"आपल्याकडं सगळेच म्हणतात. मला ठाऊक आहे. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की असं कुणी म्हटल्यावर त्याला नाही म्हणून पट्टा बांधता येतो का." तिचा आवाज चढला नाही. "तू साठीला आलास. काय होतं ते तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. तुलासुद्धा नाही म्हणता आलं नाही. आणि तो तर पोर होता, दादा. मामासमोर बसलेलं पोर."

त्यानं तळहातानं तोंडावरचं हसू पुसलं.

"दोन वर्षं मी त्याला खोटारडा म्हणत आले रे," ती म्हणाली, आणि मग तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. तिचे खांदे बराच वेळ हलत राहिले. मागून आलेल्या गाडीनं हॉर्न दिला, वळसा घालून ती निघून गेली. रादिवोयेनं तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला होता, तो त्यानं पुन्हा मांडीवर ठेवला.

तिनं डोळे पुसले आणि खाचेकडे बोट दाखवलं.

"ते काढ."

त्यानं लोखंडी जीभ उपसून काढली. लगेच टिंग टिंग सुरू झालं. त्यानं पट्टा ओढला, पण दोनदा तो खाचेच्या बाजूलाच आपटला. ती मदतीला आली नाही. गाडी आवाज करत राहिली आणि ती समोरच्या धुक्यात बघत बसली. अखेर पट्टा बसला, आवाज थांबला. तेव्हाच तिनं गाडी हलवली.

एक फेरी मारून ती मैदानात परतली. गाडी तिनं नीट सरळ लावली.

"घेऊ ना ही?" तिनं विचारलं.

"घे. इंजिन चांगलं आहे. मागचे टायर तेवढे बदल, आतून झिजलेत."

"मिओद्रागला सांग, कागद उद्या करू." तिनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि पर्स उचलली. मैदानामागच्या टेकडीवर दफनभूमी होती. तिकडची वाट पायऱ्यांनी वर जात होती. "मी वुकानकडे जाते. पुष्कळ बोलायचंय त्याच्याशी."

रादिवोये घाईनं उतरला. एका मुठीत किल्ली होती, दुसऱ्या मुठीत ती लोखंडी जीभ तशीच राहिली होती.

"मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"नाही," ल्युबिंका म्हणाली.