माझ्या पोटातली हवा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार. मोटारसायकलचा टायर सगळ्यांना दिसतो, चाकाच्या तारा दिसतात, पण टायरच्या आत अंधारात फुगून बसलेल्या ट्यूबकडे कोण बघतंय? मी पुढच्या चाकातली ट्यूब. आता म्हातारी झाले आहे. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याची हवा पोटात सांभाळण्यात गेलं, आणि त्यातली एक हवा अशी होती की तिने मला अजून सोडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या गरम साच्यात झाला. बाहेर आल्यावर कोणीतरी अंगाला पांढरी पावडर फासली, घडी घातली आणि खोक्यात कोंबलं. तिथून मी एका टायरच्या दुकानात आले. फळीवर किती दिवस पडून होते कोणास ठाऊक. मग एके दिवशी माझा मालक आला.

तो मोबाइलचे टॉवर दुरुस्त करायचा. त्याच्या वाटेचा मोठा भाग डांबरी, आणि शेवटची चढण दगडगोट्यांची. म्हणून त्याने रस्त्यावरही चालेल आणि डोंगरातही चढेल अशी उंच मोटारसायकल घेतली होती. दुकानदाराने त्याच्यासमोर तीन टायर ठेवले. एक बारीक नक्षीचा, रस्त्यावरचा. एक मोठाल्या दातांचा, चिखलमातीतला. आणि एक दोन्हींच्या मधला.

"तुमचा रस्ता जास्त डांबरी आहे ना? मग मधला न्या," दुकानदार म्हणाला.

"मधला म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या!" मालक हसला. "दातवालाच द्या. बघा तरी, कसा वाघासारखा दिसतो."

त्याची बायको सोबत होती. ती डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स. म्हणाली, "अरे, दिसण्यावर काय जातोस? ओल्या रस्त्यावर हे दात काय कामाचे?"

"तू तुझी इंजेक्शनं सांभाळ," तो म्हणाला, आणि तिने त्याला कोपर मारलं. तिघंही हसले. मी त्या दातवाल्या टायरच्या पोटात गेले.

खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. माझा मालक हौशी होता पण आळशी नव्हता. चढण लागली की तो थांबून माझी थोडी हवा सोडायचा, म्हणजे टायर दगडाला मिठी मारून चालायचा. उतरून डांबरी रस्ता लागला की पायाने दाबायचा छोटा पंप काढून पुन्हा भरायचा. त्या पंपाचा दांडा दर वेळी कुरकुरायचा. एकदा खिळा लागला तेव्हा वाटेतल्या एका दगडावर बसून त्याने मला मांडीवर घेतलं, ठिगळ लावलं आणि ते सुकावं म्हणून फुंकर घातली. ते ठिगळ अजून माझ्या अंगावर आहे.

त्या सकाळीही त्याने अंगणात माझ्यात हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून पाहिला, चाकावर थाप मारली आणि निघाला. घाटात एका वळणावर डोंगरातून झिरपणारं पाणी कायम रस्त्यावर असतं. तिथे त्या वाघाचे दात काही कामी आले नाहीत. मातीत ते खोल रुततात, पण ओल्या डांबरावर रुतायला काय असतं? दातांची फक्त टोकं टेकली आणि चाक सर्रकन घसरलं.

मी फुटले नाही. मला साधा ओरखडाही आला नाही. तो मात्र परत आला नाही.

गाडी टेंपोत घालून घरी आणली आणि मागच्या खोलीत उभी केली. ही खोली म्हणजे घरातली अडगळ. एक मोडका पंखा, जुन्या गाद्या, वर एक छोटी खिडकी. काही दिवसांनी त्याची आई फडकं घेऊन आली. तिने टाकी पुसली, हँडल पुसलं. टायरवरची माती पुसताना तिचा अंगठा दाबला गेला आणि ती एकदम थांबली.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "यात हवा आहे. त्याने भरलेली."

म्हाताऱ्याने टायरला हात लावला. 

"या चाकाला कोणी हात लावायचा नाही," आई म्हणाली आणि दारात आलेल्या त्याच्या बायकोकडे वळली. "सूनबाई, तूसुद्धा नाही."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी ट्यूब राहिले नाही, देव्हारा झाले. आई रोज यायची आणि अंगठा लावून बघायची. पण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि तिला नव्हती. रबर कितीही चांगलं असो, त्यातून हवा हळूहळू झिरपतेच. कोणाला दिसत नाही, आवाज येत नाही. अंधारात मी अंग आवळून बसायचे आणि तरी तो माझ्यातून थोडा थोडा निघून जायचा.

एके दुपारी आई आत झोपली होती. म्हातारा पाय न वाजवता खोलीत आला. त्याने टायर दाबला. अंगठा चांगलाच आत गेला. त्याचा चेहरा पडला. मग त्याने मुलाचा तोच पंप काढला, दार लोटून घेतलं आणि पाय टेकवला. दांडा कुरकुरला.  वाटलं, मालकच आला! पण तो पाय जड होता, थकलेला होता, आणि मध्येच थांबून धापा टाकत होता. आईला कळू नये म्हणून बाप लेकाच्या हवेत आपली हवा मिसळत होता.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण थोड्याच दिवसांनी, म्हातारा सकाळी फिरायला गेला असताना, आई आली. तिलाही कधीतरी टायर नरम लागला असावा. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, पदर खोचला आणि पंपावर पाय ठेवला. "त्यांना कळलं तर हाय खातील," असं स्वतःशीच पुटपुटली. पुन्हा तीच कुरकुर. पुन्हा मी फसले.

मग हे चालूच राहिलं. पुन्हा नरम पडेल या धास्तीने दोघंही दर वेळी दोन-चार दाब देऊनच ठेवायचे. दुपारी तो, सकाळी ती, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मी फुगत गेले. अंधारात माझ्या पोटात तीन माणसं दाटीवाटीने बसली आहेत असं मला वाटायचं. दोघांना मी ओळखत होते. तिसरा अजून आहे की गेला, हे मलाही सांगता येत नव्हतं.

सून त्या खोलीत केर काढायला यायची. एकदा तिचा पाय टायरला लागला आणि ती दचकून मागे सरली.

"आई, हा टायर आधीपेक्षा कडक झालाय. बंद खोलीत हवा कमी होईल, वाढेल कशी?"

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. आपण भरतो ती जेमतेम. एवढा कडक आपण कुठे केला, हे कोडं तिलाही पडलं होतं. "तो आहे गं इथे," ती हळूच म्हणाली. म्हातारा दारात उभा होता. त्यालाही तेच कोडं पडलं होतं, आणि दोघांच्याही डोळ्यांत मला भीती दिसली. त्या दिवसापासून संध्याकाळनंतर त्या खोलीत कोणी एकटं जाईना.

पुढे सुनेवर पेच आला. तिला डोंगरावर नेणारी जीप बंद झाली. दवाखान्यातून निरोप आला की रोज पोचायची सोय करा, नाहीतर शहरातल्या दवाखान्यात बदली घ्या. शहर दूर. बदली घेतली तर ही दोन म्हातारी माणसं एकटी पडणार. तिला मोटारसायकल चालवता येत होती, नवऱ्यानेच शिकवली होती.

"गाडी मी नेते," ती म्हणाली. "पण आधी दोन्ही टायर बदलायचे आणि ट्यूबाही."

"टायर बदलायचे नाहीत," आई म्हणाली. "आहे तशी ने. चाकात तो आहे. तो तुला सांभाळेल."

 तिलाही ते खरं असावंसं वाटत होतं, हे मला कळलं. तिने गाडी बाहेर काढली. अंगण नुकतंच धुतलेलं होतं. सासू-सासरे बघत होते. तिने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, हँडल थोडं वळवलं आणि ओल्या फरशीवर पुढचं चाक सर्रकन घसरलं.

तोच आवाज. तोच.

गाडी आडवी झाली. आईच्या तोंडून किंकाळी फुटली. म्हातारा अनवाणी धावला. सुनेचा गुडघा फुटला होता, बाकी ती ठीक होती. ती उठली, लंगडत घरात गेली आणि हवा मोजायचं मीटर घेऊन आली. माझ्या वाल्ववर तिने ते लावलं आणि डोळे विस्फारून बघत राहिली.

"तो ठेवायचा त्याच्या दुप्पट हवा आहे! आधीच वाळून चिरा पडलेला टायर, त्यात दगडासारखा फुगवलेला. घसरणार नाही तर काय होईल? आई, बाबा, ही हवा कोणी भरली?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मी. तुझ्या सासूसाठी. त्याची हवा कमी होत चालली होती."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, मीही भरत होते. तुमच्यासाठी."

आधी त्यांना हसू आलं. मग त्या दोघांना जे रडू आलं, ते त्या घरात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. सून दोघांच्या मध्ये ओल्या फरशीवर बसली. रक्ताचा ओघळ तिच्या पायावरून खाली येत होता. आईने तो पाहिला आणि पदराने पुसला.

"पोरी, आम्ही तुला मारलंच असतं गं," ती म्हणाली. मग तिने स्वतःच माझ्या वाल्वचं टोपण काढलं. "सांग, कुठे दाबायचं?"

सुनेने दाखवलं. आईने नखाने पिन दाबली. मी सुटले. फुस्स करून मी रिकामी होत गेले आणि आईने त्या वाऱ्यापुढे आपला तळवा धरला.

"गार आहे हो," ती म्हणाली. "यात त्याची थोडी तरी असेल का?"

 मित्रांनो, मला तोंड एकच, आणि त्यातून फक्त हवा येते.

दुसऱ्या दिवशी सून आणि सासरे त्याच दुकानात गेले. दुकानदाराने तिला ओळखलं. तिने मधलाच टायर मागितला. टायरच्या अंगावर बनवल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते तिने वाकून वाचलं. पहिली जोडी फळीवर पडून जुनी झालेली निघाली, ती तिने परत केली. "उद्या याही टायरांना चिरा पडायला नकोत, काका. नवीच द्या," ती म्हणाली. ट्यूबा जाड आणि टायरच्या मापाच्याच घेतल्या. दुकानदार म्हणाला, जुनी ट्यूब अजून धड आहे, चालेल. सून म्हणाली, "चालवायची नाही."

म्हाताऱ्याने मला मात्र घरी आणलं. कात्रीने माझ्या पट्ट्या कापल्या. आता सुनेच्या गाडीच्या मागच्या कॅरिअरवर औषधांची पेटी असते, ती मी बांधून धरते. रोज त्या वळणावरून जाते. नव्या टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात, सून गाडीचा वेग कमी करते, आणि तरी तिथे दर वेळी कोणीतरी माझ्यावर फुंकर घालतं. ते ठिगळ गार पडतं. मी पेटीला आणखी घट्ट धरते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या टायरवरचं साल वाचा, चिरा बघा, आणि कुठल्या रस्त्याने जायचं आहे ते आधी विचारा. गेलेल्या माणसासाठी चाकात हवा साठवून ठेवू नका. ज्याला संध्याकाळी घरी परत यायचं आहे, त्याच्यासाठी भरा, आणि मोजून भरा.