वरची तळी मवाबची

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे, आणि खरे सांगायचे तर निम्मेच इथले आहे. माझी खालची तळी यहूदाच्या डोंगरातल्या पांढऱ्या दगडाची. वरची मात्र काळ्याकुळकुळीत दगडाची, मृत समुद्रापलीकडच्या मवाब देशातून गाढवावर बसून आलेली. तिच्याबरोबर आली या घरची सून, कमोशा. गाढव दगडासाठी होते. नवरी पायी आली.

सासूबाई शलोमीत यांना दोघीही पसंत नव्हत्या. सुनेच्या नावातच कमोश, मवाबचा परका देव, म्हणून त्यांनी ते कधी उच्चारले नाही. "ए मवाबी, पिठात कचकच लागते गं!" असे रोज म्हणायच्या आणि आणखी एक भाकरी घ्यायच्या.

माझीही पहिली वर्षे कुरकुरण्यात गेली. पण दगडावर दगड फिरत राहिला की दोघांचेही कंगोरे जातात. पुढे माझे पीठ गावात नावाजले गेले.

मग एका हिवाळ्यात यरुशलेमच्या चौकात सभा भरली. परक्या मुली करू नयेत असे शास्त्रात आहे, तेव्हा परक्या बायका मुलांसकट माहेरी धाडा, असे ठरले. पाऊस कोसळत होता. कुडकुडणारा माणूस कशालाही हो म्हणतो. सासूबाईंचा मुलगा गदल्याही हो म्हणून घरी आला.

दुसऱ्या दिवशी गावचे पंच पदाया दारात उभे. कमोशाने लेकीला कडेवर घेतले, बोचके उचलले. गदल्या माझ्याकडे बघत बसला, जणू दळण आता त्यालाच करायचे होते.

"मवाबी माणूस दहाव्या पिढीपर्यंत आपल्यात चालत नाही, शलोमीतबाई," पदाया म्हणाले.

"अस्सं? मग आपल्या दावीद राजाची पणजी मवाबचीच ना हो?"

पदायांनी बोटांवर पिढ्या मोजल्या आणि हात पाठीमागे लपवला. "ते... वेगळं होतं."

"बरं, राहिलं. हिला धाडायचं तर हिचं स्त्रीधनही धाडायला हवं. वरची तळी हिची आहे."

"मग न्यावी तिनं."

"आणि शास्त्र काय म्हणतं? वरची तळी घरातून नेऊ नका, तो जीवच नेणं आहे."

"अहो, ते गहाण ठेवून घेण्याबद्दल आहे!"

"आणि तुमचा तो लग्नाचा नियम मूळचा कनानी मुलींबद्दल आहे. तुम्ही तो ताणत मवाबपर्यंत नेलात. मी माझा दारापर्यंत ताणला तर लगेच तुटतो होय?"

पदायांनी दाढी कुरवाळली. "मोठ्या शास्त्र्यांना विचारावं लागेल," म्हणाले आणि गेले. ते अजून विचारताहेत.

त्यांची पाठ वळताच सासूबाई खेकसल्या, "बघतेस काय, मवाबी? ठेव ते बोचकं, दळायला बस!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात मूठभर गहू टाकले.

मित्रांनो, त्या हिवाळ्यात गावातल्या कितीतरी जात्यांचा आवाज बंद झाला; परक्या सुना गेल्या, त्यांच्या वरच्या तळ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांच्या खालच्या तळ्या अंगणात एकट्याच पडून आहेत. अगदी अस्सल, अगदी शुद्ध. त्यांच्यावर कबुतरे बसतात.

तेव्हा तुमच्या घरी जाते असेल, तर त्याच्या तळ्या कुठल्या कुठल्या, हे जरूर विचारा. पण आधी भाकरी खाऊन घ्या.